नोकरी न सोडता पदवी : नातेपुत्याच्या वाटेवरून परिचर्या-शिक्षणाचा इतिहास

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, माळशिरस तालुक्यात, पुण्याहून पंढरपूरकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर नातेपुते हे बाजारपेठेचे गाव वसलेले आहे. आषाढी वारीत संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरी येथे सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते आणि जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम नातेपुत्याला पडतो. नीरा उजव्या कालव्याने या तालुक्याला ऊस दिला, कारखाने दिले आणि अकलूजसारखे दवाखान्यांनी गजबजलेले गावही दिले. परंतु परिचारिका होण्याचे शिक्षण मात्र दीर्घकाळ सोलापूर, पुणे, मिरज किंवा मुंबई अशा दूरच्या ठिकाणीच मिळत राहिले. त्यामुळे या भागातील परिचारिकेचा इतिहास हा प्रथम गाव सोडण्याचा इतिहास आहे. नोकरी व घर न सोडता परिचर्येची पदवी मिळवण्याची जी सोय विसाव्या शतकाच्या अखेरीस निर्माण झाली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवरच नीट कळते.

परिचर्या, म्हणजे रुग्णाची शास्त्रशुद्ध शुश्रूषा, हा प्रशिक्षित व्यवसाय म्हणून महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. त्यापूर्वी गावोगाव बाळंतपण सुईण करीत असे आणि आजाऱ्याची सेवा घरातील स्त्रियाच करीत. पंढरीच्या वारीत पटकीची साथ पसरे, 1896 पासून मुंबई-पुण्याकडे प्लेगने थैमान घातले, आणि त्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना 1897 मध्ये सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला. मात्र अशा सेवेला अभ्यासक्रम, परीक्षा किंवा वेतनश्रेणी यांपैकी कशाचेही पाठबळ नव्हते. रुग्णालयीन प्रशिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. जे. जे. रुग्णालयात 1886 मध्ये परिचारिकांचे नियमित प्रशिक्षण सुरू झाल्याची आणि 1891 मध्ये बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणासाठी दाखल झालेल्या पहिल्या भारतीय परिचारिका ठरल्याची नोंद परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली जाते. दक्षिण महाराष्ट्रापुरते पाहिल्यास डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत उभारलेले मिशन रुग्णालय अधिक महत्त्वाचे ठरते, कारण सांगली, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतील मुलींना परिचारिका होण्याचा जवळचा रस्ता पुढे या गावावरून जाऊ लागला.

स्त्रीशिक्षणाच्या दोन कल्पना पुण्यात अवघ्या सात वर्षांच्या अंतराने जन्मल्या, हे येथे विशेष लक्षात घ्यावे लागते. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन उभे राहिले. विधवा व निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिका आणि प्रसाविका, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रिया, म्हणून तयार करून त्यांना स्वतःच्या कमाईवर उभे करणे, हे या संस्थेचे एक ठळक काम होते. ब्राह्मण घरातील विधवेने परक्याच्या जखमा धुवाव्यात, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला सहज मानवणारी नव्हती, आणि म्हणूनच सेवासदनाचे हे काम शाळा चालवण्याहून अधिक धाडसाचे होते. सोलापुरातही सेवासदनाचे काम पोहोचले आणि त्या नावाची संस्था आजही तेथे मुलींना शिकवते. दुसरी कल्पना धोंडो केशव कर्वे यांची. त्यांनी 1916 मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचे तत्त्व तर स्वीकारलेच, शिवाय ज्या स्त्रियांना संसारामुळे महाविद्यालयात येणे शक्य नव्हते त्यांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची मुभा दिली, आणि ‘गृहीतागमा’ ही पदवी अशा बहिःस्थ, म्हणजे वर्गात न येता परीक्षा देणाऱ्या, विद्यार्थिनींनाही खुली झाली. स्त्रीला परिचर्येचे वेतनी शिक्षण द्यावे ही एक कल्पना आणि तिला तिच्या घरी, तिच्या सवडीने पदवी मिळवता यावी ही दुसरी. या दोन्ही एका शहरात, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी मांडल्या, तरी परिचारिकेला नोकरीच्या जागी राहून पदवी घेता येण्यासाठी 1994 साल उजाडावे लागले.

या विलंबाचे कारण परिचर्या-शिक्षणाच्या रचनेत होते. रुग्णालयाची प्रशिक्षणशाळा ही एकाच वेळी शाळा आणि कामाची जागा असे. विद्यार्थिनी वसतिगृहात राहत, वॉर्डात राबत, रात्रपाळ्या करीत आणि उरलेल्या वेळात व्याख्याने ऐकत. त्यांच्या श्रमांवर रुग्णालयांचा बराच कारभार चालत असल्याने त्यांना पुस्तकी शिक्षणासाठी मोकळे सोडणे व्यवस्थापनाला परवडत नसे. मुंबई इलाख्यात 1935 च्या कायद्याने परिचारिका, प्रसाविका व आरोग्य अभ्यागता यांची नोंदणी सुरू झाली. नोंदणी म्हणजे परिचर्या परिषदेच्या पटावर नाव येणे, आणि पटावर नाव असल्यावाचून कोणासही प्रशिक्षित परिचारिका म्हणून काम करता येऊ नये, हा तिचा अर्थ. पुढे 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, 1966 अन्वये महाराष्ट्र परिचर्या परिषद अस्तित्वात आली. मधल्या काळात, 1946 मध्ये, भोर समितीने देशातील आरोग्यव्यवस्थेचा जो हिशेब मांडला, त्यात प्रशिक्षित परिचारिकांची संख्या सुमारे 7,000, म्हणजे दर 43,000 लोकांमागे एक, इतकी अल्प आढळली. एवढ्या टंचाईत कामावरच्या परिचारिकेला पुढील शिक्षणासाठी दोन-तीन वर्षे सोडणे ही चैन समजली गेली, यात नवल नाही. मात्र या टंचाईचे ओझे शेवटी परिचारिकेच्याच प्रगतीवर टाकले गेले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

पदवीचे शिक्षण भारतात 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले. महाराष्ट्रात कर्वे यांच्याच विद्यापीठाने, तोवर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव धारण केलेल्या संस्थेने, 1964 मध्ये मुंबईत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. तथापि बारावीनंतर थेट पदवीला जाणाऱ्या मुलींपेक्षा सर्वसाधारण परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका, जिला बोलण्यात सर्वत्र ‘जीएनएम’ म्हणतात, घेऊन नोकरीला लागलेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती. पदविका ही विद्यापीठाची पदवी नसल्याने अशा परिचारिकेला परिसेविका, पाठ्यनिर्देशिका, अधिसेविका या वरच्या जागांकडे किंवा पदव्युत्तर शिक्षणाकडे जाताना अडचण येई. तिने आधी शिकलेले पुन्हा पहिल्यापासून शिकावे, ही अपेक्षा अन्यायाची होती. म्हणून त्रिवेंद्रम येथे 1963 मध्ये पदविकाधारकांसाठी दोन वर्षांचा वेगळा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि तोच पुढे ‘पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग’ या नावाने देशभर पसरला.

आज जगभर ज्याला ‘वेगवर्धित’ परिचर्या अभ्यासक्रम म्हणतात, त्याचे मूळ तत्त्व हेच आहे: विद्यार्थिनीने पूर्वी जे शिकले किंवा अनुभवले ते मोजून धरावे आणि उरलेला अभ्यास कमी काळात पुरा करावा. अमेरिकेत सेंट लुईस विद्यापीठाने 1971 मध्ये अन्य विषयांतील पदवीधरांसाठी असा अल्पकालीन अभ्यासक्रम सुरू केला. त्याच दशकात न्यूयॉर्क राज्याच्या बहिःस्थ पदवी योजनेने परिचर्येलाही आपल्या कक्षेत घेतले. आणि ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने रुग्णालयात साहाय्यक म्हणून काम करणाऱ्यांना, त्यांच्या मालकसंस्थेच्या संमतीने, नोकरीतच ठेवून परिचारिका करण्याची व्यवस्था उभी केली. भारतात मात्र वेग आणि अंतर या दोन सोयी एकत्र मागणाऱ्या परिचारिकेला एक तडजोड पत्करावी लागते. नियमित महाविद्यालयात पोस्ट बेसिक पदवी 2 वर्षांत होते, तर दूरशिक्षणाने तिला किमान 3 वर्षे लागतात. म्हणजे दूरचा रस्ता एका वर्षाने लांब आहे. पण त्या रस्त्यावर पगार थांबत नाही, मुलांची शाळा बदलत नाही आणि सेवाज्येष्ठता तुटत नाही. नातेपुते-माळशिरससारख्या भागातील परिचारिकेच्या हिशेबात हे एक वर्ष स्वस्त पडते.

हा रस्ता इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, म्हणजे 1985 मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘इग्नू’ने, 1994 मध्ये खुला केला. विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विद्याशाखेने भारतीय परिचर्या परिषदेशी सल्लामसलत करून पोस्ट बेसिक पदवी दूरशिक्षणाने देण्याची योजना आखली, आणि या योजनेत प्रवेशाचा दरवाजा जाणीवपूर्वक अरुंद ठेवला. अर्ज करणारी व्यक्ती नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका असली पाहिजे, ती सेवेत असली पाहिजे, बारावी होऊन पदविका घेतलेली असल्यास पदविकेनंतर 2 वर्षांचा आणि केवळ दहावीनंतर पदविका घेतलेली असल्यास 5 वर्षांचा अनुभव तिच्यापाशी असला पाहिजे, अशा अटी घालण्यात आल्या. प्रसूतिशास्त्र न शिकलेल्या पुरुष परिचारकांसाठी, ज्यांना वॉर्डात ‘ब्रदर’ म्हणून हाक मारतात, त्या विषयाऐवजी मनोरुग्ण परिचर्या, कुष्ठरोग, क्षयरोग, शस्त्रक्रियागृह अशा मान्य क्षेत्रांपैकी एकातील काही महिन्यांचे प्रशिक्षण ग्राह्य धरले गेले. या अटींचा अर्थ असा की, दूरशिक्षणाने नवी परिचारिका घडवण्याचा दावा या योजनेने कधी केलाच नाही. जिच्या हाताला सुई, सलाइन आणि बाळंतपण यांची सवय आधीच आहे, तिला शास्त्र, समाजविज्ञान, अध्यापन, प्रशासन आणि संशोधन यांची जोड देणे एवढाच तिचा हेतू होता.

अर्जाची प्रक्रिया कागदावर सोपी दिसते, पण ग्रामीण सेवेतील परिचारिकेसाठी ती बरीच लांबलचक असते. पदविकेची गुणपत्रके, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीचे चालू प्रमाणपत्र, अनुभवाचा दाखला आणि कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र ही कागदपत्रे गोळा करावी लागतात. यांपैकी शेवटचे दोन कागद वरिष्ठांच्या सहीवर अवलंबून असतात, आणि येथे प्रशासनाची जुनी विभागणी आड येते. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम 1962 मध्ये अमलात आल्यापासून प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत, तर ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत. त्यामुळे एकाच तालुक्यात शेजारशेजारच्या गावांत काम करणाऱ्या दोघींच्या फायली दोन वेगळ्या कार्यालयांतून फिरतात. अर्जानंतर प्रवेश परीक्षा असते. ती परिचर्येच्या विषयांवर आणि इंग्रजीसह सामान्य आकलनावर आधारलेली असते, आणि तिच्या गुणवत्ता यादीप्रमाणे मान्यताप्राप्त परिचर्या महाविद्यालयांतील अभ्यासकेंद्रांवर जागा वाटल्या जातात. केंद्रावरील जागा मर्यादित असल्याने, परीक्षा उत्तीर्ण होणे आणि सोयीचे केंद्र मिळणे या दोन स्वतंत्र गोष्टी ठरतात.

प्रवेशानंतर छापील अभ्याससाहित्य येते. इग्नूची पुस्तके घटकांत विभागलेली असून प्रत्येक घटकाच्या शेवटी स्वतःची परीक्षा स्वतः घेण्याचे प्रश्न असतात. म्हणजे शिक्षकाचा आवाज पुस्तकातच बांधून देण्याचा हा प्रयत्न असतो. स्वाध्याय लिहून केंद्राकडे द्यावे लागतात, ‘ज्ञानदर्शन’ या दूरचित्रवाहिनीवरील कार्यक्रमांचीही मदत झाली आहे, आणि सत्रान्त परीक्षा जून व डिसेंबर महिन्यांत होतात. या सर्वांहून निर्णायक भाग प्रात्यक्षिकाचा आहे. ठरलेल्या काळात केंद्राशी जोडलेल्या रुग्णालयात प्रत्यक्ष हजर राहून, मार्गदर्शिकेच्या देखरेखीखाली प्रसूती, बालरोग, शस्त्रक्रिया, मानसिक आरोग्य आणि सामाजिक आरोग्य या शाखांतील काम करून त्याची नोंदवही भरावी लागते. ही हजेरी सक्तीची असते. पदवी दूरची असली, तरी तिच्यातला महत्त्वाचा हिस्सा परिचारिकेला पलंगाशेजारी उभे राहूनच मिळवावा लागतो, आणि या अभ्यासक्रमाची प्रतिष्ठा टिकण्याचे खरे कारण हेच आहे.

नातेपुत्याच्या भूगोलात ही व्यवस्था कशी बसते, हे पाहणे उद्बोधक आहे. सोलापूर जिल्हा इग्नूच्या पुणे विभागीय केंद्राच्या कार्यक्षेत्रात येतो. नातेपुते हे पुणे आणि सोलापूर या दोन्ही शहरांपासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे, त्यामुळे केंद्र कोणत्याही शहरात मिळाले तरी प्रात्यक्षिकांच्या दिवसांत तेथे मुक्काम करणे अथवा पहाटेची एसटी धरणे अपरिहार्य होते. रजा शिल्लक असावी लागते, पाळ्यांची अदलाबदल करणारी सहकारी असावी लागते, आणि घरी लहान मूल असल्यास सासू किंवा आई पाठीशी उभी असावी लागते. सत्रान्त परीक्षांच्या वेळापत्रकाचीही एक स्थानिक अडचण आहे. ज्या वर्षी आषाढी एकादशी जूनच्या अखेरीस येते, त्या वर्षी परीक्षेचे दिवस आणि पालखीचा मुक्काम लागून येतात; वारीच्या वाटेवरील आरोग्यसेवेवर त्या काळात सर्वाधिक ताण असतो. पुरंदावड्याच्या गोल रिंगणापासून माळशिरसपर्यंत लाखो वारकऱ्यांच्या पायांचे फोड, उन्हाचा त्रास, जुलाब आणि साप-विंचवाचे दंश सांभाळणाऱ्या परिचारिकेने त्याच आठवड्यात संशोधन व संख्याशास्त्राची उत्तरपत्रिका लिहावी, ही अपेक्षा कोणत्याही नियमात लिहिलेली नाही, पण प्रत्यक्षात ती वाट्याला येते.

भाषेचा प्रश्न याहून खोलवर गेलेला आहे. कर्व्यांच्या विद्यापीठाने मातृभाषेतील पदवीचा आग्रह धरला होता, पण परिचर्येची पदवी आरंभापासून इंग्रजीतच राहिली, आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी इंग्रजी हा स्वतंत्र विषयच आहे. मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेली, रोज रुग्णांशी मराठीत बोलणारी आणि वॉर्डातील टिपणे ठरावीक इंग्रजी शब्दांत लिहिणारी परिचारिका जेव्हा सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा समाजशास्त्राचे पुस्तक एकटी उघडून बसते, तेव्हा वर्गात शेजारणीला विचारण्याची सोय तिला नसते. दूरशिक्षणाच्या कोणत्याही मोजणीत ही उणीव दिसत नाही. मुक्त विद्यापीठांनी मराठीत पूरक साहित्य पुरवले असते, तर या पदवीचा लाभ कितीतरी अधिक ग्रामीण परिचारिकांना झाला असता.

महाराष्ट्रात मुक्त शिक्षणाची परंपरा कमकुवत नव्हती. नाशिक येथे 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन मराठीतून लाखो विद्यार्थ्यांपर्यंत पदवी नेली आणि रुग्ण सहायकासारखे आरोग्यविषयक प्रमाणपत्रही सुरू केले. मात्र अशा प्रमाणपत्राने परिचर्या परिषदेच्या पटावर नाव लागत नाही, आणि हा भेद न सांगता ‘घरबसल्या नर्सिंग’ अशी जाहिरात करणाऱ्या खासगी वर्गांनी तालुक्याच्या गावांतील अनेक मुलींचे पैसे व वर्षे वाया घालवली. नोंदणी न देणारा कोणताही परिचर्या अभ्यासक्रम रुग्णालयात परिचारिकेची अधिकृत नोकरी मिळवून देत नाही, ही गोष्ट अर्ज भरण्यापूर्वीच पालकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. त्याचप्रमाणे सहाय्यक परिचारिका प्रसाविका, म्हणजे उपकेंद्रावरील आरोग्यसेविका, हिला पोस्ट बेसिकचा दरवाजा सरळ उघडत नाही. तिला आधी जीएनएम पूर्ण करावे लागते. वाड्यावस्त्यांवर सर्वाधिक काम करणारीच या शिडीच्या तळाशी अडकून राहते, हा या रचनेतील सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

परिचर्येला दूरशिक्षणाची मुभा असावी की नाही, या वादाचा निकाल विद्यापीठ अनुदान आयोगाने बहुतांशी नकारार्थी दिला. मुक्त व दूरशिक्षणाच्या 2017 आणि 2020 च्या विनियमांनी अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, वास्तुशास्त्र इत्यादींबरोबर परिचर्येलाही दूरशिक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवले. सेवेतील परिचारिकांसाठीचा इग्नूचा अभ्यासक्रम मात्र अपवाद म्हणून चालू राहिला, आणि त्याच्या प्रवेश परीक्षा त्यानंतरही होत आल्या. नवशिक्या मुलीला पत्राने परिचारिका बनवता येत नाही, हा आयोगाच्या भूमिकेमागील विचार योग्यच आहे. तथापि त्याच निकषाने दहा वर्षे प्रसूतिगृहात काम केलेल्या पदविकाधारक परिचारिकेला मोजणे अयोग्य ठरते, कारण तिची प्रयोगशाळा तिच्यासमोर रोज भरलेली असते. तिला हवी असते ती देखरेख, पुस्तक आणि पदवी.

या पदवीचे मोल आता केवळ मानाचे राहिलेले नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांच्या भरतीसाठी 2020 पासून घेतल्या जाणाऱ्या सामाईक परीक्षेत पदवीधर परिचारिकेला अनुभवाची अट नाही, परंतु पदविकाधारकाला किमान 50 खाटांच्या रुग्णालयातील 2 वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालय साधारणतः 30 खाटांचे असते. म्हणजे ग्रामीण रुग्णालयात अनेक वर्षे काढलेल्या पदविकाधारकाचा अनुभव या मोजपट्टीवर शून्य ठरतो, आणि तीच व्यक्ती पोस्ट बेसिक पदवी घेताच अनुभवाच्या अटीतून मोकळी होते. खेड्यातील सेवेचे मोल खाटांच्या संख्येने ठरवणारा हा नियम पदवीची गरज जितकी वाढवतो, तितकाच तो खेड्यातील सेवेवर अन्याय करतो.

संसदेने 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिशास्त्र आयोग अधिनियम संमत करून 1947 च्या कायद्याची जागा घेणारी नवी व्यवस्था आखली आहे. या नव्या आयोगापुढे सेवेतील परिचारिकांच्या दूरशिक्षणाचा प्रश्न पुन्हा येणारच आहे, आणि त्या वेळी अपवादाचे नियमात रूपांतर करून उपजिल्हा रुग्णालयांनाही प्रात्यक्षिकाची केंद्रे म्हणून मान्यता द्यावी, मराठीसह भारतीय भाषांत पूरक साहित्य तयार करावे आणि परीक्षेसाठी हक्काची रजा द्यावी, एवढ्या तीन गोष्टी झाल्या, तरी अकलूज किंवा पंढरपूर येथेच प्रात्यक्षिक पुरे करून नातेपुत्याची परिचारिका पदवीधर होऊ शकेल. राज्याच्या आरोग्य विभागाने आणि नाशिकच्या दोन्ही विद्यापीठांनी, म्हणजे मुक्त विद्यापीठाने आणि 1998 मध्ये स्थापन झालेल्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाने, ही मागणी एकत्र येऊन आयोगापुढे मांडली पाहिजे.